फीडबॅक फॉर्मवर पैकीच्या पैकी: एका सुपरव्हायजरच्या मूल्यमापनाचं प्रकरण

नव्या समुपदेशकाच्या कामावर अनुभवी माणसाची देखरेख हवी, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण त्या अनुभवी माणसाला देखरेख करायला कुणी शिकवलं आणि ती नीट होते आहे का हे कुणी पाहिलं, असं क्वचितच विचारलं जातं. पंधरा-वीस वर्षं क्लायंट पाहिलेत म्हणजे सुपरव्हिजन, म्हणजे ही देखरेख, जमणारच, असं सगळे धरून चालतात. एव्हरेट वर्दिंग्टन यांनी १९८७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या अनुभवाने सुपरव्हायजर अधिक चांगले होतात असं त्यांना दिसलं नाही. तरीही आजतागायत आपण वर्षं मोजूनच माणसं नेमतो. याची मला मनापासून काळजी वाटते, कारण या साखळीच्या टोकाला एक क्लायंट बसलेला असतो आणि त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

पुढचं प्रकरण सुपरव्हायजरच्या प्रशिक्षणात चर्चेला घेण्यासाठी रचलेलं आहे. त्यातली माणसं कुणी खऱ्या व्यक्ती नाहीत. अडचणी मात्र या कामात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या आहेत.

चार माणसं

क्लायंट तिशीतला पुरुष. नोकरी गेली आणि हळूहळू घराबाहेर पडणंच बंद झालं. त्याला भेटणारी ट्रेनी शिक्षण पूर्ण करून देखरेखीखालच्या वर्षभराच्या कामाच्या मध्यावर आलेली. तिच्या सुपरव्हायजर अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या, शोक आणि नुकसान या विषयात नावाजलेल्या समुपदेशक. त्या आता सुपरव्हिजनचं प्रशिक्षण घेत होत्या. आणि चौथे त्यांचे प्रशिक्षक, म्हणजे सुपरव्हिजनवर सुपरव्हिजन करणारे.

ट्रेनी दर आठवड्याला ५० मिनिटं सुपरव्हायजरना भेटत असे. सुपरव्हायजर दर पंधरवड्याला प्रशिक्षकांना भेटत. वर्षाच्या शेवटी ट्रेनीच्या कामाच्या दाखल्यावर सही सुपरव्हायजरचीच होणार होती. वाचताना ही सही सतत डोक्यात ठेवावी लागेल.

सहामाही फाइल

सहा महिन्यांनी सुपरव्हायजरचं मधलं मूल्यमापन आलं. फाइलमध्ये तीन गोष्टी होत्या. ट्रेनीने भरलेला फीडबॅक फॉर्म, त्यात प्रत्येक प्रश्नाला सर्वांत वरचा गुण आणि खाली एक ओळ: ‘मॅडमकडून निघताना खूप हलकं वाटतं.’ दुसरं, सुपरव्हायजरचं आत्मपरीक्षण. तेही मनापासून लिहिलेलं, कुठेही बढाई नाही. तिसरं म्हणजे सुपरव्हिजनच्या रेकॉर्डिंगचे दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे. ते सुपरव्हायजरनी स्वतः निवडले होते. दोन्हींत आवाज शांत, ऐकणं लक्षपूर्वक, ट्रेनी मोकळी.

एवढ्यावर ‘उत्तम’ असा शेरा लिहून फाइल मिटवता आली असती. बहुतेक वेळा असंच होतं.

प्रशिक्षकांना खटकलं ते फॉर्मचं एकसुरीपण. एडवर्ड बोर्डिन यांनी १९८३ मध्ये सुपरव्हिजनमधल्या नात्याचे तीन भाग सांगितले: दोघांना मान्य असलेलं उद्दिष्ट, त्यासाठी ठरलेलं काम आणि परस्परांमधला जिव्हाळा. फॉर्ममधले जवळजवळ सगळे प्रश्न जिव्हाळ्याचे होते. ‘तुम्हाला आधार वाटतो का’, ‘तुमचं ऐकून घेतलं जातं का’. ट्रेनीला गेल्या सहा महिन्यांत नवीन काय करता यायला लागलं, हे एकाही प्रश्नात नव्हतं. शिवाय आपल्या सुपरव्हिजनमध्ये काय कमी आहे, हे शिकणाऱ्याला कळतंच असं नाही. मायकेल एलिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुपरव्हिजन घेणाऱ्या साडेतीनशेहून अधिक जणांची माहिती किमान निकषांवर तपासली. ९३ टक्के जणांना त्या वेळी मिळणारं सुपरव्हिजन अपुरं ठरलं आणि ३५ टक्क्यांच्या बाबतीत ते हानिकारक या व्याख्येत बसलं. आपल्याला अपुरं मिळतंय असं स्वतःहून म्हणणारे यापेक्षा कितीतरी कमी होते. ज्याने चांगलं सुपरव्हिजन पाहिलेलंच नाही, तो तुलना कशाशी करणार?

प्रशिक्षकांनी दोन गोष्टी मागवल्या: गेल्या आठवड्यातलं सुपरव्हिजनचं पूर्ण रेकॉर्डिंग, आणि त्यात ज्या सेशनची चर्चा झाली त्या सेशनचं रेकॉर्डिंग.

दोन रेकॉर्डिंग शेजारी शेजारी

आधी क्लायंटचं सेशन. अर्धा तास होऊन गेलेला. क्लायंट संथपणे बोलतोय.

क्लायंट: दिवस संपतच नाही. रात्री पडल्यावर कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये.

(तीन-चार सेकंद शांतता.)

ट्रेनी: झोप नीट लागत नाही का तुम्हाला?

क्लायंट: …हो. म्हणजे, तीही लागत नाही.

पुढची दहा मिनिटं झोपेवर गेली. कधी झोपता, मोबाइल किती वेळ बघता, चहा किती.

आता दोन दिवसांनंतरचं सुपरव्हिजन.

ट्रेनी: झोपेचाही त्रास आहे त्यांना. सकाळी उठणंच नको वाटतं, असं काहीतरी म्हणत होते.

सुपरव्हायजर: होतं गं असं. नोकरी गेली की दिवसाला आकारच राहत नाही. माझ्याकडे अगदी असेच एक जण यायचे. तू एक कर, सकाळचं एखादं छोटंसं काम त्यांना ठरवून दे. जमेल तुला.

ट्रेनी: हो मॅडम. हे छान आहे.

सुपरव्हायजर: आणि तू का अशी दमलेली दिसतेस? घरी सगळं ठीक आहे ना?

इथून पुढची चौदा मिनिटं ट्रेनीच्या घरच्या ताणावर. ती रडते, सुपरव्हायजर तिला सावरतात. ते ऐकताना त्या समुपदेशक म्हणून किती तयारीच्या आहेत हे कळतं. त्या चौदा मिनिटांत क्लायंटचं नाव एकदाही निघत नाही.

‘असं काहीतरी म्हणत होते’ हे शब्द सुपरव्हायजरच्या समोर पडले होते. ‘नेमकं काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग’ एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. प्रशिक्षकांनी रेकॉर्डिंग तिथेच थांबवलं.

त्याच दिवशी

मूल्यमापन बाजूला ठेवलं गेलं. प्रशिक्षकांनी सुपरव्हायजरना फोन केला तो जाब विचारायला नव्हता. ‘मॅडम, तुमच्या कामाबद्दल आपण नंतर बोलू. आधी क्लायंट. आज त्यांना कोण आणि कसं भेटणार, एवढंच आत्ता ठरवू या.’

ट्रेनीने क्लायंटला फोन केला आणि तो संध्याकाळी आला. त्याच्या संमतीने सुपरव्हायजर सेशनमध्ये बसल्या आणि त्यांनी आडवळण न घेता विचारलं, ‘सकाळी जागच येऊ नये असं तुम्ही म्हणाला होतात. जीव द्यावा असा विचार मनात येतो का?’ असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती नव्या समुपदेशकांच्या मनात घट्ट बसलेली असते. उपलब्ध संशोधन तिला दुजोरा देत नाही. उलट विचारल्याने बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं.

क्लायंटने सांगितलं की मरून जावं असं वाटतं, पण स्वतःला काही करण्याचा विचार किंवा बेत नाही, आणि पूर्वी कधी तसा प्रयत्नही केलेला नाही. तिघांनी मिळून सुरक्षा योजना लिहिली: धोका वाढतोय हे कशावरून ओळखायचं, स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, तातडीची मदत कुठे मिळेल, घरात काय हाताशी राहू द्यायचं नाही. नैराश्याच्या तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढचं सेशन लवकरचं ठरलं. निघताना तो म्हणाला, ‘मागच्या वेळी बोललो होतो मी. नंतर वाटलं, बोलायला नको होतं बहुतेक.’

सुपरव्हिजनच्या गुणवत्तेबद्दल चर्चा करताना हे वाक्य मी गटासमोर नेहमी मोठ्याने वाचून घेतो. आपल्या फॉर्मवरच्या सगळ्या रकान्यांची किंमत शेवटी त्याच्याशी ताडून पाहावी लागते.

ट्रेनी का बोलली नाही

आठवड्याभराने ट्रेनीसोबत ते रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं गेलं. त्यासाठी नॉर्मन केगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठात विकसित केलेली पद्धत वापरली. रेकॉर्डिंग थांबवण्याचं बटण शिकणाऱ्याच्या हातात असतं. जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबून त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते तो सांगतो. सोबतचा माणूस विचारत राहतो, चूक-बरोबर सांगत नाही. तिच्या गुणांशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा दुसऱ्या शिक्षिका सोबत बसल्या, आणि हे फार महत्त्वाचं होतं.

तिने त्या तीन-चार सेकंदांवरच थांबवलं. ‘मला ऐकू आलं होतं ते. पोटात गोळा आला. पुढे विचारलं आणि ते हो म्हणाले, तर मी काय करायचं हे मला येत नव्हतं.’ मग थोड्या वेळाने: ‘मॅडमना तसंच्या तसं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग तू पुढे काय केलंस. त्या इतक्या चांगल्या आहेत, त्यांना माझ्याबद्दल इतकं चांगलं वाटतं. आणि सहीपण त्यांचीच आहे.’

निकोलस लॅडनी आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात ९७ टक्के प्रशिक्षणार्थींनी सुपरव्हायजरपासून काही ना काही लपवल्याचं सांगितलं होतं. आपली छाप बिघडू नये आणि वरिष्ठांचा मान राखावा, ही त्यांच्या कारणांतली दोन. तेव्हा ही मुलगी काही जगावेगळी नाही. तिला खोटारडी ठरवणं सोपं होतं, पण तसं केलं असतं तर तिच्या बॅचमधल्या एकाही ट्रेनीने पुढे तोंड उघडलं नसतं.

टीमच्या बैठकीत कुणीतरी समांतर प्रक्रियेचा मुद्दा काढला. हॅरोल्ड सर्ल्झ यांनी १९५५ मध्ये आणि एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी १९५८ मध्ये मांडलेली ही कल्पना: थेरपीच्या खोलीत जे घडतं त्याची छाया सुपरव्हिजनच्या खोलीत पडते. क्लायंट बोलता बोलता मागे हटला, ट्रेनीही सुपरव्हायजरसमोर मागे हटली. जुळतं खरं. पण मला अशा जुळणीची थोडी धास्ती वाटते, कारण ती सुंदर दिसते आणि पुढे काय करायचं हे सांगत नाही. इथे साधं कारण समोर होतं. ट्रेनीला धोक्याचं मूल्यांकन करायला कुणी सरावाने शिकवलं नव्हतं, आणि न येण्याची कबुली ज्यांच्यापाशी द्यायची त्यांच्याच हातात तिचा दाखला होता. ही दोन्ही कारणं दूर करता येण्यासारखी होती.

सुपरव्हायजरचं शिकणं

जनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट प्रशिक्षकांनी पुढे ठेवली. सुपरव्हायजर तीन भूमिकांतून बोलू शकतो: शिक्षक, समुपदेशक, आणि सल्लागार, म्हणजे उत्तर न देता ट्रेनीलाच विचार करायला लावणारा. आणि लक्ष तीन ठिकाणी देऊ शकतो: ट्रेनीचं कौशल्य, क्लायंटबद्दलची तिची समज, आणि या कामात गुंतलेलं तिचं स्वतःचं मन. सुपरव्हायजरना त्यांचंच रेकॉर्डिंग आणि कोरा तक्ता दिला. प्रत्येक वाक्य कुठल्या घरात बसतं ते त्यांनीच लिहायचं होतं.

५० मिनिटांतली ३१ मिनिटं त्या स्वतः बोलत होत्या. सल्लागाराच्या रांगेत एकही खूण पडली नाही. कौशल्याच्या रकान्यात ‘सकाळचं काम ठरवून दे’ एवढं एकच. बाकी सगळं समुपदेशकाच्या भूमिकेत. अठरा वर्षं जे हातात बसलं होतं तेच त्या करत होत्या, फक्त समोर क्लायंटऐवजी ट्रेनी होती.

तक्ता बघून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘मग मी काय करायचं? गप्प बसायचं?’

आणि पुढच्या दोन बैठकांत त्या खरंच गप्प बसल्या. ती रेकॉर्डिंग ऐकायला अवघड आहेत. ट्रेनीने काही विचारलं की ‘तुला काय वाटतं?’, तिने काही सांगितलं की ‘हं’. ट्रेनी गोंधळली, रागावलीही. एडवर्ड वॉटकिन्स यांनी सुपरव्हायजरच्या वाढीचे टप्पे सांगितलेत, त्यातला पहिलाच भूमिकेच्या धक्क्याचा आहे. अनुभवी समुपदेशकांना हा धक्का जास्त जोरात बसतो असं माझं निरीक्षण आहे, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखी पत असते. या काळात कुणी सोबत नसेल तर माणूस एक तर जुन्या सवयीकडे परततो किंवा सुपरव्हिजनच सोडून देतो. प्रशिक्षकांनी या काळापुरत्या भेटी दर आठवड्याला केल्या.

भेटींत उपदेश जवळजवळ नव्हता. प्रशिक्षक ट्रेनी व्हायचे, अर्धवट माहिती द्यायचे, विषय टाळायचे. सुपरव्हायजरनी तिथल्या तिथे प्रश्न विचारायचा. तो जमेपर्यंत तोच प्रसंग पुन्हा. ‘त्याचे शब्द जसेच्या तसे सांग.’ ‘ते ऐकल्यावर तू काय केलंस?’ ‘काय विचारायचं राहून गेलं?’ ‘रेकॉर्डिंगमधली ती जागा लाव, ऐकू या.’ हे प्रश्न कागदावर साधे दिसतात. जिव्हाळ्याचं नातं जमलेलं असताना ते तोंडातून काढणं सोपं नसतं.

महिनाभरानंतरच्या रेकॉर्डिंगमधला एक तुकडा:

सुपरव्हायजर: मी क्लायंट. मी म्हणाले, कशातच अर्थ वाटत नाही. विचार मला.

ट्रेनी: तुम्हाला… म्हणजे, कधी टोकाचे विचार वगैरे येतात का?

सुपरव्हायजर: ‘टोकाचे वगैरे’ म्हणजे काय, मला कळलं नाही. पुन्हा विचार.

ट्रेनी: तुम्हाला… (आवाज खाली जातो) जीव द्यावासा वाटतो का?

सुपरव्हायजर: माझ्याकडे बघून. आवाज तुझा नेहमीचा.

ट्रेनी: तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?

सुपरव्हायजर: आता विचारलंस तू. मी हो म्हणाले. पुढे?

पाच वेळा केलं त्यांनी हे. या तुकड्यात जिव्हाळा पूर्वीइतकाच आहे, आणि ट्रेनी काहीतरी शिकून बाहेर पडते आहे.

निर्णय आणि मतभेद

अंतिम मूल्यमापन दोन परीक्षकांनी वेगवेगळं केलं. दोघांनी पूर्ण रेकॉर्डिंग ऐकली आणि तुकडे स्वतः निवडले. हा नियम सगळीकडे असावा असं मला ठामपणे वाटतं. स्वतः निवडलेल्या दहा मिनिटांत कुणीही चांगलाच दिसतो.

पहिल्या परीक्षकाने मान्यता द्यावी असं लिहिलं. क्लायंट सुरक्षित आहे, चूक कळल्यावर सुपरव्हायजरनी जबाबदारी टाळली नाही, आणि बदल ऐकू येतो आहे. दुसऱ्या परीक्षकाने नकार दिला. बदल दिसला तो एकाच ट्रेनीसोबत, आणि तोही तिचं-त्यांचं मिळून एक संकट पार पडल्यानंतर. नव्या, अबोल किंवा वाद घालणाऱ्या ट्रेनीसमोर त्या जुन्या भूमिकेत परत जाणार नाहीत याचा पुरावा कुठे आहे?

मला दुसऱ्याचं म्हणणं पटतं. भल्या माणसाला नापास करणं जिवावर येतं, म्हणून आपण ‘प्रगती आहे’ असं लिहून सही करतो. पण ही सही म्हणजे पुढे कित्येक ट्रेनींच्या आणि त्यांच्या क्लायंटच्या वतीने दिलेला शब्द आहे. शेवटी समिती त्याच बाजूला गेली: आणखी तीन महिने, दुसऱ्या ट्रेनीसोबत, दर महिन्याला एक पूर्ण रेकॉर्डिंग परीक्षकांच्या निवडीचं. तोवर स्वतंत्रपणे दाखल्यावर सही करण्याचा अधिकार नाही. कारणं लेखी दिली, त्यांवर म्हणणं मांडायची संधीही. सुपरव्हायजरना वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण सहामाही शेरा ‘उत्तम’ असा आला असता आणि वर्षअखेरीला अचानक नकार मिळाला असता, तर तो त्यांच्यावर खरा अन्याय ठरला असता. इथे त्यांना सहा महिने आधी, पुराव्यासकट, काय बदलायचं ते कळलं होतं.

ट्रेनीचं मूल्यमापन दुसऱ्या सुपरव्हायजरकडे सोपवलं. रेकॉर्डिंग पाहताना ती जे बोलली त्यातलं काहीही तिच्या फाइलमध्ये गेलं नाही. तिच्या कामातली त्रुटी तशीच नोंदली गेली, सोबत तिने काय शिकून घेतलं तेही.

फीडबॅक फॉर्म बदलला. आधाराचे दोन प्रश्न ठेवले, बाकीचे काढून टाकले. आता ट्रेनीला लिहावं लागतं की या महिन्यात सुपरव्हिजनमधलं कुठलं कौशल्य तिने सेशनमध्ये वापरलं, कुठलं रेकॉर्डिंग दोघींनी मिळून ऐकलं, आणि कुठल्या मुद्द्यावर तिचं सुपरव्हायजरशी मत जुळलं नाही. शेवटचा रकाना सलग तीन महिने कोरा आला, तर प्रशिक्षक त्या जोडीचं पूर्ण रेकॉर्डिंग मागवतात.

संमतीपत्र

एक गोष्ट या सगळ्यात उशिरा लक्षात आली. क्लायंटने रेकॉर्डिंगला संमती दिली होती ती ‘समुपदेशक आणि तिचे सुपरव्हायजर’ यांच्यापुरती. प्रशिक्षकांनी ते ऐकलं तेव्हा ही मर्यादा ओलांडली गेली होती. धोका समोर आला म्हणून ते योग्यच ठरलं असं टीममधले काही जण म्हणाले. पण रेकॉर्डिंग मागवताना धोका कुणाला माहीत नव्हता. प्रशिक्षकांनी क्लायंटला भेटून हे सांगितलं. कुणी, काय आणि कशासाठी ऐकलं ते सांगितलं, आणि पुढची परवानगी नाकारली तरी सेवेत काही फरक पडणार नाही हेही. त्याने परवानगी दिली, मात्र अट घातली: रेकॉर्डिंग वर्गात वाजवायचं नाही. नव्या संमतीपत्रात आता तीन वेगळ्या ओळी आहेत: सुपरव्हिजनसाठी, सुपरव्हायजरच्या मूल्यमापनासाठी, शिकवण्यासाठी. प्रत्येकीपुढे स्वतंत्र सही, आणि खाली रेकॉर्डिंग कधी पुसलं जाईल ती तारीख.